सात दिवाळ्यांचं मागणं

एका राज्यात सहा वर्षं कुणाच्याच मनासारखी दिवाळी झाली नव्हती. राज्यात धान्य होतं, सोनं होतं, नदीला बारमाही पाणी होतं. राजा धैर्यसेन हाताचा सढळ होता. तरी असं होतं.

वसुबारसेच्या आठ दिवस आधी राजा घरच्यांना घेऊन झोपाळ्याच्या चौकात बसे आणि एकेकाला विचारी, यंदा दिवाळीला काय हवं? घरची माणसं सांगत. राजा मान डोलवी. पाडव्याला मात्र भलतीच वस्तू हाती येई. राणी हेमांगीनं वीणा शिकवणारा गुरू मागितला, तिला नथ मिळाली. राजकन्या वेणूला नाव वल्हवायला शिकायचं होतं, तिला चंदनाच्या बाहुल्या मिळाल्या. राजमाता कमलजादेवींना तर दर वर्षी चंद्रहारच मिळे. साऱ्याजणी निमूट घेत, पेटीत ठेवत आणि मनात म्हणत, द्यायचं नसेल तर हा विचारतो कशाला?

पण राजाला खरोखरच तसं ऐकू येत असे. राणीच्या तोंडून 'गुरू' निघे आणि राजाच्या कानात शिरताना त्याची 'नथ' होई. कागदावर लिहून दिलं तर अक्षरं जागा बदलत. आपल्याला काही झालं आहे, हे राजाला ठाऊक नव्हतं.

सातव्या वर्षी चौकातल्या डाळिंबावर एक साळुंकी बसली होती. सगळ्यांचं सांगून झालं, माणसं उठून गेली, तेव्हा ती म्हणाली,

"राजा, तुझ्या आईनं चंद्रहार मागितला नाही."

"मग काय मागितलं?"

साळुंकीनं सांगितलं. राजाला ऐकू आलं, चंद्रहार. तिनं पुन्हा सांगितलं. चंद्रहार. तिसऱ्यांदा तिनं एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, तरी चंद्रहारच. तेव्हा राजाला कळलं, चूक आपल्याच कानांत आहे.

"हा शाप आहे," साळुंकी म्हणाली. "धूम्रा मायाविनीचा. ती सात टेकड्यांपलीकडे राहते. याहून जास्त मला माहीत नाही."

राजा त्याच घटकेला एकटा निघता झाला.

धूम्रा आपल्या गुहेपुढे राख चाळत बसली होती. ती म्हणाली की शाप का दिला ते मी सांगणार नाही, ते तुला वाटेत कळेल. तीन ठिकाणी जा, तीन जणांचं ऐक. मध्ये एक शब्द बोललास, तर जन्मभर असाच राहशील.

पहिलं ठिकाण होतं वडांचं रान. तिथली झाडं बोलत. एका म्हाताऱ्या वडानं आपल्या प्रत्येक पारंबीची हकिगत सांगितली, ती एक दिवस आणि एक रात्र चालली. राजाला झोप येई, कंटाळा येई. त्यानं ओठ दाबून धरले आणि सगळं ऐकलं.

दुसरं ठिकाण होतं शापित खजिन्याचं विवर. माणकांच्या राशीवर एक पांढरा नाग पडून होता. तो म्हणाला,

"जो येतो तो विचारतो, यातलं मला काय देशील? तू विचारलं नाहीस. बैस."

मग तो सांगू लागला. शंभर वर्षांपूर्वी तो सावकाराचा मुलगा होता. मरणाऱ्या बापानं त्याच्याजवळ पाणी मागितलं होतं आणि तो पेटीची किल्ली शोधत राहिला होता. हे सांगताना नाग रडला. नागाचं रडणं राजानं कधी पाहिलं नव्हतं. धीराचे दोन शब्द बोलावेत असं त्याच्या फार मनात आलं, पण तो बोलला नाही. सांगून झाल्यावर नागानं कात टाकली, तो माणूस झाला आणि रिकाम्या हातांनी बाहेर निघून गेला. राजानंही खजिन्याकडे वळून पाहिलं नाही.

तिसरं ठिकाण एक कोरडी विहीर होती. राजा काठावर बसला. आतून त्याच्या आईचा आवाज आला, सहा वर्षांपूर्वीचा, आणि या विहिरीतले शब्द त्याच्या कानात शिरताना बदलत नव्हते.

"धैर्यसेना, मला दागिना नको. भद्रसेनाला घरी आण."

पाठोपाठ राजाचा स्वतःचा आवाज आला.

"चंद्रहार ना, आईसाहेब? देईन."

भद्रसेन म्हणजे राजाचा धाकटा भाऊ. भर दरबारात त्यानं राजाचा निर्णय चुकला असं म्हटलं होतं, म्हणून राजानं त्याला सरहद्दीवरच्या डोंगरी किल्ल्यात धाडलं होतं. आता राजाला आठवलं. त्या पहिल्या दिवाळीला त्याच्या कानांना काही झालेलं नव्हतं. त्याला नीट ऐकू आलं होतं आणि त्यानं न ऐकल्याचं सोंग केलं होतं. भिक्षेला आलेली धूम्रा तेव्हा दारात उभी होती. त्याचं सोंग तिनं खरं करून टाकलं होतं.

विहीर बोलतच राहिली. दुसऱ्या वर्षी आई म्हणाली होती, भद्राला चार दिवस तरी येऊ दे. चौथ्या वर्षी, त्याचं एक पत्र आणव. सहाव्या वर्षी, तो जिवंत आहे एवढं तरी सांग. राजा काठाचा दगड धरून बसला होता. बोटांतून रक्त आलं, तोंडातून शब्द आला नाही. सातवं मागणं मात्र विहिरीनं सांगितलं नाही.

राजा परतला तो वसुबारसेच्या सकाळी. वाटेतच त्यानं भावाच्या सुटकेचा हुकूम लिहून कमरेला खोचला होता. आईसमोर तो जमिनीवर बसला.

"आईसाहेब, दिवाळीला आपल्याला काय हवं?"

"सांगून झालं आहे."

"मी ऐकलं नव्हतं. पुन्हा सांगा."

राजमाता म्हणाली,

"मला भद्राकडे जायचं आहे. त्याला इथे आणू नकोस. मीच तिकडे जाऊन राहीन. सात वर्षं मी मागत राहिले आणि तू गळ्यात हार घालत राहिलास. या घरात आता माझं मन लागत नाही."

शब्द न् शब्द राजाला ऐकू आला. शाप सुटला होता. हुकूम लिहिला आहे, भद्रा इथे येईल, तुम्ही जाऊ नका, हे सारं त्याच्या जिभेवर आलं. पण आईचं बोलणं पुरतं संपेपर्यंत त्यानं वाट पाहिली.

"केव्हा निघायचं?" राजानं विचारलं.

"पाडवा झाला की."

राजानं बाकीच्यांनाही पुन्हा विचारलं; त्या वर्षी राणीला गुरू मिळाला आणि वेणूला नाव. भाऊबीजेला राजमातेची पालखी निघाली. राजा तिच्यासोबत सरहद्दीपर्यंत पायी चालला.

किल्ल्याच्या दारात भद्रसेन उभा होता. त्याचे केस पिकले होते. राजानं कमरेचा सुटकेचा हुकूम काढून त्याच्या हाती दिला. आईला आत नेऊन तो बाहेर आला आणि म्हणाला,

"दादा, मला पुष्कळ बोलायचं आहे. ते गोड नाही."

"बोल," राजा म्हणाला आणि पायरीवर बसला.

भद्रसेन बोलू लागला तेव्हा ऊन माथ्यावर होतं. तो थांबला तेव्हा किल्ल्यावर दिवे लागले होते. मग दोघे भाऊ उठले आणि आई वाढत होती तिथे जेवायला गेले. त्या राज्यात पुढे बरीच वर्षं सुखाची गेली, असं सांगतात.