तूप फासलेली थाळी

एकदा एका योगाचार्यांच्या शिष्याला आयुष्यातला पहिला रुग्ण मिळाला, आणि स्वारी हवेत तरंगू लागली. रुग्णही कुणी साधासुधा नव्हे, धान्यबाजारातला बडा व्यापारी! त्याला धाप लागे. शिष्याने त्याला रोज सकाळी रस्त्याकडच्या सज्जात बसवून दीर्घ श्वसन करायला लावले. पण झाले भलतेच. धाप वाढली, छातीतही कळ येऊ लागली. शिष्याच्या तोंडचे पाणी पळाले. तो धावतच गुरूंकडे गेला.

गुरू आले. त्यांनी ना नाडी पाहिली, ना आसन. घरातून तूप मागवले, एका थाळीला फासले आणि व्यापारी जिथे बसे नेमकी तिथेच ती ठेवून दिली. शिष्य चक्रावला. विचारायची मात्र छाती होईना.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी गुरूंनी तीच थाळी व्यापाऱ्यापुढे सरकवली. तुपावर काळा थर बसला होता.

"घ्या शेठ, पोळीला लावून खा."

"काय चेष्टा करता, गुरुजी! ही काजळी खाऊ?"

"नाकानं रोजच खाताय की! आणि आमचे शिष्योत्तम आग्रह करकरून वाढताहेत."

शिष्य कानापर्यंत लाल झाला. पण त्याच क्षणी त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो सज्जाकडे धावला. खाली व्यापाऱ्याचेच टेंपो उभे होते, माल चढेपर्यंत इंजिने चालू ठेवून.

"गुरुजी, सापडलं!" तो ओरडलाच.

गुरू म्हणाले, "तुपावर दिसते ती जाड धूळ. खरे वैरी डोळ्यांना दिसतच नाहीत. ते कण फुप्फुसात खोल उतरतात, रक्तात मिसळतात, हृदयापर्यंत पोचतात. आडातलं पाणीच गढूळ असेल, तर पोहरा मोठा करून काय साधणार? शेठ, आजच डॉक्टरांना छाती दाखवा. आणि आधी तो धूर थांबवा."

व्यापारी तडक उठून सज्जात गेला आणि कठड्यावरून गरजला, "अरे, बंद करा ती इंजिनं!"

एकेक घरघर थांबली. त्या शांततेत खालून खोकल्याची ढास ऐकू आली. पोती वाहणारे हमाल खोकत होते. आजवर तो आवाज वर पोचलाच नव्हता.

व्यापाऱ्याने कठड्यावरून वाकून त्यांच्याकडे पाहिले. मग हलकेच म्हणाला, "गुरुजी, डॉक्टरांकडे यांनाही घेऊन जातो."

शिष्याने श्वसनासाठी सज्जात अंथरलेली सतरंजी गुंडाळली.