दिवेलागणीचा शब्द

एका गावाबाहेर एक वस्ती होती. बाहेर म्हणजे पार बाहेर. गावाची घरं संपली, गावाचा उकिरडा संपला, की मग माळावर तिची पालं दिसत. पाल म्हणजे चार काठ्या आणि त्यांवर टाकलेलं फाटकं कापड. गावात चोरी झाली की गाव आधी या माळाकडे बघे, आणि पोलीसही तिकडेच बघत. खरा चोर दुसरीकडे सापडला, तरी माळावरून नेलेला माणूस लगेच सुटून येईल याचा भरवसा नसे.

या वस्तीत एक कडक रीत होती. दिवेलागणीला बाईमाणूस आपल्या पालात हवं. लेक असो, सून असो, नाहीतर दात पडलेली म्हातारी असो. दिवे लागले आणि बाई बाहेर राहिली, की ती वस्तीला मेली. कोण्या काळी अंधार पडला की बायकांना उचलून नेत असतील, त्या भीतीतून ही रीत पडली असेल. पुढे नेणारे गेले, भीती राहिली, आणि लोक तिला अब्रू म्हणू लागले. रीत वाईट होती, यात दुमत नको. पण होती.

सुरंगा याच वस्तीत जन्मली. लहानपणी ती बाजारात चुकली, दिवे लागल्यावर सापडली, आणि तिच्या बापाने तिला पालात परत घेतलं नाही. गावातल्या एका विधवा शिक्षिकेने तिला ठेवून घेतलं, पोटच्या पोरीसारखं वाढवलं, शिकवलं. दुसरी कोणी असती तर वस्तीचं नाव टाकून सुखाने राहिली असती. सुरंगा तशी नव्हती. वस्तीतला माणूस पोलिसांनी उचलला की ती ठाण्याच्या पायरीवर जाऊन बसे आणि तो सुटेपर्यंत हलत नसे. वस्तीला रेशन मिळावं, मेलेल्या माणसाला जाळायला जागा मिळावी, म्हणून तिने जिवाचं रान केलं. गाव तिला भांडखोर म्हणे. वस्ती तिला आक्का म्हणू लागली. पालात तिला कोणी घेतलं नाही, पण पालाबाहेर तिच्यासाठी घोंगडी अंथरली जाऊ लागली.

तिच्या खटपटीने वस्तीतली पोरं शाळेत गेली. पोरी मात्र गेल्या नाहीत. शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला, सुटायची संध्याकाळी. पोरीला उशीर झाला तर? पंचांत थोरला होता दौलू आजा. त्याच्या पालासमोर सुरंगा पुन्हा पुन्हा जाऊन बसली. तो नाही म्हणे, ती उठून येई, आणि पुन्हा जाई. शेवटी म्हाताऱ्याने तोंडातली तंबाखू थुंकली आणि विचारलं, “दिवं लागायच्या आत पोर पालात आली न्हाई, तर?”

“येईल. मी स्वतः आणून सोडीन. माझा शब्द.”

दौलू आजाने नवी तंबाखू मळायला घेतली. मग म्हणाला, “एक पोर ने. तिचं नीट झालं, तर बाकीच्या बी धाडू.”

ती एक पोर म्हणजे शिमली. धुरपी नावाच्या बाईची लेक, काटकुळी, डोळे सगळीकडे फिरवणारी. शाळेत तिला पहिल्यांदा दाराजवळ बसवलं, चपलांच्या शेजारी. गावातल्या पोरी तिच्यापासून आपली बस्करं ओढून घेत. शिमली रडली नाही असं नाही, पण शाळा सोडली नाही. पाटीवरची अक्षरं तिला अशी लागली, जशी उपाशी पोराला भाकरी लागते. दुसरं वर्ष लागलं तेव्हा ती भराभरा वाचू लागली होती. दौलू आजाची तंबाखू ज्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधून येई, तो तुकडा तिला वाचायला लावून म्हातारा खदखदून हसे. इतर पोरी तिच्याभोवती कोंडाळं करून बसत. त्यांच्या आया सुरंगाला बाजूला घेऊन हळूच सांगत, “आक्का, येत्या वरसाला आमची.” नकार देणारे पंच आता हूं म्हणायच्या बेताला आले होते.

सुरंगाने आपला शब्द जपला होता. शाळा सुटली की ती फाटकाशी उभीच. ताप अंगात असला तरी उभी. एकदा तर तहसीलदारांसमोर बोलता बोलता उठली, म्हणाली, “साहेब, माझी पोर सुटायची वेळ झाली,” आणि निघून आली. लोकांनी नाकं मुरडली. तिला त्याचं काही वाटलं नाही. शिमलीचं बोट धरून ती माळ चढे, धुरपीच्या हाती पोर देई, आणि मग कुठे धुरपी दिव्याला काडी लावी.

आणि मग गावाला सुरंगाचं कौतुक सुचलं. गावात एक मंडळ होतं. दरवर्षी कोणाचा तरी सत्कार करायचा आणि आपले फोटो छापून आणायचे, हे त्याचं मुख्य काम. त्या वर्षी त्यांना सुरंगा सापडली. ज्या गावाने तिला कधी खुर्ची दिली नव्हती, त्या गावाचे पुढारी तिच्या दारी पत्रिका घेऊन आले. मोठे पाहुणे येणार होते.

“त्या पोरीला मात्र आणा,” अध्यक्ष म्हणाले. “तिच्यावाचून कार्यक्रमाला शोभा नाही.”

“तिला दिवेलागणीच्या आत पोचवावं लागतं,” सुरंगा म्हणाली.

“अहो, कार्यक्रम दुपारचा! चहापाणी होऊनसुद्धा उन्हात घरी जाल.”

सुरंगा हो म्हणाली. यात वाईट काही नव्हतं. तिला वाटलं, वस्तीची पोर व्यासपीठावर बसेल, गाव तिच्याकडे मान वर करून बघेल. आयुष्यात एवढं तरी बघावं, असं कोणाला वाटणार नाही?

ठरल्या दिवशी नवा फ्रॉक घालून शिमली सुरंगाच्या शेजारी खुर्चीवर बसली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. सभागृह कसं झगझगीत होतं. खिडक्यांना जाड पडदे, वर ओळीने ट्यूबलाइट. ध्वनिक्षेपकावरून कोणीतरी सारखं सांगत होतं, की पाहुणे वाटेत आहेत. पाहुणे वाटेतच राहिले. लोक जांभया देऊ लागले, उठून बाहेर जाऊन चहा पिऊन आले, पुन्हा बसले. आत उजेड होता तसाच होता. बाहेर झाडावर साळुंक्यांचा कालवा सुरू झाला. तो फक्त शिमलीने ऐकला.

“आक्का, दिस कलला,” ती म्हणाली.

सुरंगाने पडद्यांकडे पाहिलं. गावात तिने इतकी वर्षं काढली होती, की तिची संध्याकाळ आता आभाळातून येत नसे. ती भिंतीवरचं बटण दाबलं की येई. “एवढ्यात कसा कलेल?” ती म्हणाली. “येतीलच आता पाहुणे.”

पाहुणे आले. हार झाले. नारळ झाले. पाहुणे बोलायला उभे राहिले आणि मुलींच्या शिक्षणावर फार सुंदर बोलू लागले. शिमलीने सुरंगाचा पदर ओढला. “आक्का, चल की.”

सुरंगाला आता कळलं होतं. पडद्याच्या फटीतून येणारी उन्हाची पट्टी विझली होती, हे तिने स्वतः पाहिलं. उठायचं, पोरीचं बोट धरायचं आणि चालू लागायचं, एवढंच काम होतं, आणि ते तिने रोज केलं होतं. पण शाल अजून द्यायची होती. ती शाल ताटात घडी घालून समोरच ठेवली होती. भाषण चालू असताना व्यासपीठावरून उठलं तर कसं दिसेल? पाहुणे रागावले तर? कदाचित ते पोरींसाठी वसतिगृह जाहीर करतील, आणि आपण नेमके तेव्हाच नसू. ही शाल माझी थोडीच आहे, वस्तीचीच आहे, असंही तिने मनाला सांगून पाहिलं. माणसाला बसूनच राहायचं असलं की कारणांना तोटा नसतो.

शिमलीने पुन्हा पदर ओढला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. सुरंगाने तिचा हात दाबला आणि दातांतून म्हणाली, “गप बस जरा. लोक बघतायत.”

ज्या पोरीला तिने तोंड उघडायला शिकवलं होतं, ती पोर गप बसली. “एकही मुलगी शाळेबाहेर राहता कामा नये!” पाहुणे म्हणाले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. शाल अंगावर पडली. फोटो निघाला. वसतिगृहाचा विषय कोणी काढला नाही.

दोघी बाहेर आल्या तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. मंडळाची जीप पाहुण्यांना सोडायला गेली होती. सुरंगाने पोरीचा हात धरला आणि धावत सुटली. म्हातारपणाकडे झुकलेली बाई ती, धाप लागली, शाल कुठे पडली ते कळलंही नाही. माळ चढून वर आल्या, तर प्रत्येक पालात दिवा होता. पंच बाहेर बसले होते. धुरपी त्यांच्या मागे उभी होती, आणि तिने तोंडात पदर कोंबला होता.

“चूक माझी आहे,” सुरंगा म्हणाली. “पोरीचा काही दोष नाही. काय शिक्षा द्यायची ती मला द्या.”

“तुला कशी देऊ?” दौलू आजा म्हणाला. “तू तर कवाच गेलीस आमच्यातनं.”

“आजा, एक दिवस उशीर झाला. एकच दिवस!”

म्हातारा रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. “गावानं आमाला कवा शब्दच दिला न्हाई,” तो म्हणाला, “म्हून गावावर राग न्हाई. तू दिला व्हतास. आन् ही रीत काय आसती, ते तुझ्याइतकं कुणाला ठावं व्हतं?”

शिमली आईकडे धावली, तर दोन बायकांनी तिला मधेच धरलं. निवाडा झाला. पोर पालात घ्यायची नाही. लांबच्या एका वस्तीवर बायको मेलेला माणूस होता, तो तिला आहे तशी करून घ्यायला तयार होईल, त्याच्याकडे धाडायची. आणि यापुढे वस्तीतली एकही पोर शाळेत जायची नाही. “पोर मला द्या,” सुरंगा म्हणाली, पण तिच्या शब्दावर आता कोणी पोर सोपवणार नव्हतं. पोरीचं वय तेरासुद्धा नव्हतं.

सुरंगा त्याच पावली ठाण्यात गेली. ज्या पायरीवर ती वस्तीतल्या माणसांसाठी बसली होती, तीच पायरी चढून तिने वस्तीविरुद्ध तक्रार सांगितली. समोरचा हवालदार म्हणाला, “बाई, ते तुमच्या जातीतलं आहे. त्यात आम्ही कशाला पडू?” मग ती अध्यक्षांकडे गेली. त्यांना फार वाईट वाटलं. “आपण याचा निषेध करू,” ते म्हणाले. “एक सभाच घेऊ.” शाळेच्या गुरुजींनी मान हलवली, आणि दाराजवळची ती जागा रिकामी झाली याचं त्यांना दुःख झालेलं दिसलं नाही. पाहुण्यांना निरोप धाडला, त्याचं उत्तर आलं नाही. या धावपळीतून ती माळावर परतली, तेव्हा तिथे पालं नव्हती. चुलींचे दगड होते आणि काळी राख होती. वस्ती उठून गेली होती.

सुरंगा वस्ती शोधत हिंडली. बाजारांत विचारलं, रस्त्याकडेच्या पालांत विचारलं. सापडली, तेव्हा फार उशीर झाला होता. दुसऱ्या एका गावाबाहेर, दुसऱ्या एका उकिरड्यापलीकडे तीच माणसं उतरली होती. तिला लांबून येताना पाहून एक बाई ओरडली, “आक्का आली गं, पोरी आत घ्या!” एकेका पालाचं कापड खाली पडलं. येत्या वर्षाला आमची, म्हणणाऱ्या बायकाच त्या. बाहेर घोंगडी कोणी टाकली नाही.

एकटी धुरपी उभी राहिली. ती वाळून गेली होती.

“शिमली?” सुरंगाने विचारलं.

“नांदती.”

“बरी आहे ना?”

धुरपी खाली बसली, मातीत बोटाने उगाच काही ओढत राहिली. “तिच्या पालाम्होरं यष्टी थांबती,” ती म्हणाली. “हिकडं येनारी यष्टी. म्होरं पाटी आसती, तिच्यावर ह्या गावाचं नाव. बाकीच्या बायास्नी काय कळतंय? आली, गेली. हिला वाचाया येतंय ना, आक्का. ही रोज वाचती. वाचती, आन् यष्टी निघून जाती.” मग तिने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. “तेवढं तरी तिला शिकवाया नको व्हतं.”

सुरंगा वळली आणि आली त्या वाटेने परत गेली. तिला कोणी थांबवलं नाही.

तात्पर्य: दुबळ्याच्या हक्कासाठी दिलेला शब्द आपल्या मानासाठी मोडला, तर शिक्षा आपल्याला होत नाही, ज्याच्यासाठी तो दिला, त्यालाच ती जन्मभर भोगावी लागते.