पहिला मान साहेबांचा

सरनोबत साहेब म्हणजे आमच्या ताकाच्या कारखान्याचे व्यवस्थापक. त्यांचं भाषण सुरू झालं की शिपायानं शिंकसुद्धा दाबून धरायची. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्यांनी फर्मान काढलं, की बाटल्या भरणाऱ्या नव्या यंत्राच्या पडद्यावर आपल्या भाषणाचा व्हिडिओ लागलाच पाहिजे.

ते यंत्र लिनक्स नावाच्या प्रणालीवरच्या एका छोट्या संगणकावर चालायचं. बाटली भरली की त्याच क्षणी तोटी बंद करायची, हे त्याचं काम. इंजिनियर केतकी ढवळीकर म्हणाली, "साहेब, हा एका वेळी एकच काम करतो. आधी तोटी, उरलेल्या वेळात तुम्ही."

"उरलेल्या वेळात? मी?" साहेब कडाडले. "पहिला मान माझा! नाहीतर उद्यापासून घरी बसा. आत्ताच रंगीत तालीम घ्या, खऱ्या ताकाची!"

केतकीनं मुकाट्यानं व्हिडिओला पहिला नंबर दिला. पडद्यावर साहेब बोलू लागले आणि तोटी उघडी ती उघडीच राहिली. ताक बाटलीतून पट्ट्यावर आणि पट्ट्यावरून थेट साहेबांच्या बुटांत.

"अहो, बंद का होत नाही ती?"

केतकी म्हणाली, "तुमचं भाषण संपेपर्यंत इथं कोण हलतं, साहेब? संगणकानंही तेच पाळलं. ताकाला मात्र तुमचा हुद्दा माहीत नव्हता."

दुसऱ्या दिवशी, उद्घाटनाला, पहिला नंबर पुन्हा तोटीचा होता आणि ती अचूक चालली. व्हिडिओ तेवढा अडखळत होता. प्रत्येक बाटलीला पडद्यावरचे साहेब आ वासून थांबायचे. दुसऱ्याचं काम होईपर्यंत साहेब गप्प राहिलेले आम्ही पहिल्यांदाच पाहिले.