चिमाक्काची चौथी ओळ

बसा नीट, मांडी घालून. मधे उठलात तर मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करीन, आधीच सांगते.

फार वर्षांपूर्वी आपल्या या मेंढवणात घरटी एक माग होता. पुरुष घोंगडी विणायचे, बाया लोकरीचं सूत काढायच्या, आणि चिंचोक्याची खळ लावलेले ताणे, म्हणजे मागाचे उभे धागे, गल्लीभर वाळत असायचे. याच गल्लीत चिमाक्का राहायची. नवरा लवकर गेलेला. घरात ती आणि तिची एकुलती एक लेक, लिंबी.

चिमाक्का गाणी रचायची. लिहिता-वाचता काही येत नव्हतं, चरखा फिरवता फिरवता तोंडानंच रचायची. तिच्या गाण्यावर कातलेलं सूत कधी तुटायचं नाही, असं म्हणतात. ती गायला लागली की मेंढरं कातरणीसाठी आपणहून मान पुढं करायची, असंही म्हणतात. हसू नका रे, मी पदरचं काही घालत नाही.

पण तिचं नाव झालं ते वेगळ्याच गाण्यांमुळं. गावात कुणी गेलं की तेराव्या दिवशी ती चरखा काखोटीला मारून त्या घरी जायची आणि म्हणायची, "कसा गेला ते नका सांगू. ते बारा दिवस ऐकलं. कसा जेवायचा, कशावर रुसायचा, कुणाला फसवायचा, ते सांगा."

एकजण काहीतरी बोलायचा, मग दुसरा म्हणायचा, छे, तसं नव्हतं ते. त्या बोलण्यातनंच चिमाक्का तीन ओळी गायची आणि थांबायची. चौथी ओळ घरच्यांनी घालायची, असा तिचा रिवाज होता. ती मिळेपर्यंत बाई जागची हलायची नाही. येसू सनगर गेला तेव्हा त्याची बायको दुपारपर्यंत भिंतीकडं तोंड करून बसली होती. मग तिला आठवलं, नवरा चोरून गूळ खायचा आणि आळ मुंग्यांवर घालायचा. तिला खुदकन हसू आलं, आणि ओळ तिथंच झाली.

कुणी विचारायचं, "अक्का, तेराव्याला हसणं शोभतं का गं?"

ती म्हणायची, "रडू आपलं आपण येतं बाई. हसू शोधावं लागतं. आणि ते एकटीला सापडत न्हाई."

मग एका साली तापाची साथ आली. लिंबी तेव्हा अकरा वर्षांची होती. तीन दिवसांत गेली पोर.

आता गावाची चूक ऐका. तेराव्या दिवशी चिमाक्कानं अंगण सारवलं, घोंगडं अंथरलं आणि वाट बघत बसली. कुणी आलं नाही. वाईट नव्हते हो लोक! पण प्रत्येकाला वाटलं, चिमाक्काला आपण काय गाणं सांगायचं? ती रचेल की तिचं तिचं. सगळ्या गावाला धीर देते, तिला आपला धीर कशाला? संध्याकाळी तिनं घोंगडं झटकलं, घडी घातली आणि दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून तिचा चरखा बंद. आणि तो बंद झाला तशी गावातली सुतं तुटायला लागली, असं म्हणतात. एकही ताणा धड लागेना. कुणी खळीला दोष दिला, कुणी लोकरीला, कुणी मागाला बिब्बा बांधला. चिमाक्का घरात बसून वाळत चालली होती. भाकरी दारात ठेवली तर ती तशीच पडून राहायची.

तिच्या शेजारी तानाई राहायची. जिभेला हाड नसलेली बाई. दोघींच्या मधे तानाईचं चिंचेचं झाड होतं, आणि लिंबी दिवसाढवळ्या त्यावर चढून चिंचा पळवायची. त्यावरून दोघींचं असं भांडण झालं की तीन वर्षं बोलणं नव्हतं.

एका सकाळी तानाईचं सूत सातव्यांदा तुटलं. तिनं ते भिरकावलं आणि गल्लीत येऊन ओरडली, "अगं बायांनो, तेराव्याला चिमाक्काकडं कोण गेलं व्हतं?"

सगळ्यांच्या माना खाली.

"मी बी न्हाई गेले! एरवी बडबड बडबड करते, त्या दिवशीच माझ्या जिभेला काय रोग झाला व्हता? चला, उठा!"

ती चिमाक्काच्या अंगणात जाऊन बसली आणि तिच्यामागं सगळी गल्ली. चिमाक्कानं दार उघडलं आणि उंबऱ्यात टेकली. तानाईला ना सूर ठाऊक ना ताल. आवाज म्हणाल तर वंगण संपलेल्या गाडीचा. पण ती गायली:

"चिंच माझी, झाड माझं, लिंबी चढली वर,
दगड मारीन म्हनलं तिला, आधी खाली उतर,
ओच्यामधी चिंचा माझ्या, मुठीमधी मीठ…"

आणि थांबली.

दिवस माथ्यावर आला. चुली पेटल्या नाहीत, पोरं भुकेली झाली, पण एक माणूस उठलं नाही. ही ओळ आली नाही तर बाई हातची जाते, हे सगळ्यांना दिसत होतं. दिवस कलला. तेव्हा चिमाक्कानं तानाईकडं बघितलं. आणि ती म्हणाली:

"तुझ्या शिव्या खाऊन खाऊन पोर झाली धीट!"

आधी तानाईच हसली. मग चिमाक्का हसली, आणि हसता हसता तिला जे रडू फुटलं ते तानाईच्या गळ्यात पडून. त्याच वेळी चिंचेचा मोसम नसताना झाडावरनं पिकल्या चिंचांचा सडा पडला, असं म्हणतात. त्यांच्या चिंचोक्यांची खळ लावलेलं घोंगडं अजून विरलेलं नाही.

चिमाक्का पुढं पुष्कळ जगली, पुष्कळ गायली. ती गेली तेव्हा तेराव्याला म्हाताऱ्या तानाईनं तिच्यावरच्या तीन ओळी गायल्या. पण चौथी कोण घालणार? घरचं कुणीच नव्हतं. तर अख्खं गाव एकदम आपापली ओळ ओरडलं. कुणाचं कुणाला कळेना, नुसता गलका! आणि सगळे हसत सुटले.

अजून आपल्याकडं घोंगड्याच्या टोकाला चार बोटं सूत न विणता सोडतात. त्याच्या गाठी ज्याचं घोंगडं त्यानं मारायच्या. त्याला चिमाक्काची ओळ म्हणतात. आणि तेराव्याला गाव तीन ओळी घेऊन दारात येतं. जो दुसऱ्यांना धीर देतो, त्याच्या दारात तर आधी येतं.

आमचे हे गेले तेव्हा माझ्याही दारात सगळे आले होते. आयुष्यभर मी दुसऱ्यांकडं जाऊन गायले, आणि माझ्या वेळी मला काही सुचेना. कुणी घाई केली नाही. दिवेलागणीला सुचलं. ओळ काय ती सांगायची नाही, ती घरची असते. पण मी हसले, हे साऱ्या गावानं बघितलंय.