अर्धे घरटे

मी, त्र्यंबक सखाराम धोपटे, वय वर्षे एक्क्याऐंशी, ही कथा लिहीत आहे.

पुष्कळ काळ लोटला. एका विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर सुगरण पक्षी राहत असत. त्यांचा रिवाज असा की, नराने घरटे अर्धे विणून थांबावे. मादीने आत बसून, धागे ओढून पाहावे. आणि तिला पसंत पडले तरच त्याने ते पुरे करावे.

एका वर्षी सापाने बाभळीवरची सारी अंडी खाल्ली. तेव्हा थव्याचा नवा नायक पीतांबर याने पलीकडच्या उंच ताडावर वस्ती हलविण्याचे ठरविले. निर्णय योग्यच होता.

“यंदा घरटी पुरी करूनच माद्यांना दाखवायची,” त्याने नरांना बजावले.

वृद्ध भिवराआजी म्हणाली, “अरे पीतांबरा, अंडी आमची गेली. आम्हांला विचारशील की नाही?”

“आजी, विचारीत बसलो तर हंगाम सरेल.”

“मग अंडीही तूच घाल हो!”

सगळ्या माद्या हसल्या. पीतांबर मात्र रागावून उडाला.

ताडावर देखणी घरटी झुलू लागली. माद्या आल्या, पण एकीनेही धागा ओढून पाहिला नाही. “पुरे झालेल्या घरात आमचे काय काम?” असे म्हणून त्या बाभळीवरच्या जुन्या, विरलेल्या घरट्यांकडे परतल्या. सापाला वाट ठाऊक होती. या वेळी त्याने अंड्यांबरोबर भिवराआजीलाही गिळले, आणि उरलेल्या माद्या कायमच्या निघून गेल्या.

त्यानंतर पीतांबर दरवर्षी घरटे अर्धेच विणून थांबू लागला. ते पाहावयास कोणी आले नाही.