तीनदा पुरलेलं विधेयक

एका राज्याच्या विधानसभेत गटारसफाईसाठी माणूस उतरवायला बंदी घालणारं विधेयक तीनदा पडलं होतं. आपल्या गावातले दोघे गटारात उतरून मैल्यात गुदमरून गेले, तेव्हा आमदार सुलभा आवळे यांनी ते चौथ्यांदा मांडलं.

मंत्री दौलतराव हिंगमिरे हसत उठले. "अध्यक्ष महाराज, हे विधेयक नव्हे, झॉम्बी आहे! कितीदा पुरा, पुन्हा चालत येतं. ताई, मेलेल्याला मेलेलं राहू द्या."

मागे त्यांच्या पक्षाचे आमदार निश्चल बसले होते. विधेयक कुणीच वाचलं नव्हतं. प्रतोदाने बाकावर दोन थापा मारल्या की "नाही!" म्हणायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. डोळे उघडे होते, पण पापणी लवत नव्हती.

सुलभाताई शांतपणे म्हणाल्या, "झॉम्बी ओळखणं सोपं आहे, साहेब. हाक मारून बघायची."

त्यांनी समोर पाहून विचारलं, "इथं कुणी जिवंत आहे का?" आणि आपल्या बाकावर दोन थापा मारल्या.

"नाही!" सगळ्या गळ्यांतून एकच थंड आवाज उठला.

तो घुमत विरला, तरी कुणी हललं नाही. मंत्र्यांनाही मागे वळून बघायचा धीर होईना.

"मतदान उद्या," अध्यक्ष कसेबसे म्हणाले. "आधी सगळ्यांनी विधेयक वाचून या."

दुसऱ्या दिवशी ते मंजूर झालं.