कनातीकडे बघणारी नवरी

“मग यातला चांगला कोणता, नाना?”

सुजयने दोन्ही कॅमेरे नानांसमोर ठेवले. लग्न लागून गेलं होतं, मांडवात पंगती बसल्या होत्या. नाना तारळेकरांनी अर्ध्या तालुक्याची लग्नं टिपलेली. आता नजर साथ देईना, म्हणून पुढची सगळी कामं ते सुजयच्या हाती सोपवणार होते. आज त्याची परीक्षाच होती.

“हा आरशाचा, डीएसएलआर. जड आहे, पण बॅटरी दिवसभर पुरते, चेहऱ्याचा रंग खरा येतो. हा बिनआरशाचा, मिररलेस. आवाज नाही, अंधारातही डोळा अचूक पकडतो. याची लेन्स त्याला बसत नाही, नाना. एकदा निवडला की जन्माचा संसार!”

नानांनी पान जुळवलं, चुना लावला.

“अंतरपाट दूर झाला तेव्हा?”

“दोन्हींनी एकदमच काढला. एक हातात, एक शेजारी स्टँडवर.” सुजयचा चेहरा उतरला. “पण फोटो वाया गेला. ऐन वेळी नवरीनं मान वळवली. मी गुरुजींना म्हटलं, अंतरपाट पुन्हा धरा...”

नवरदेवापेक्षा हाच उतावळा. गुरुजींनी त्याच्याकडे जे पाहिलं, ते कुठल्याच कॅमेऱ्यात आलं नाही हे बरं झालं.

नानांनी दोन्ही कॅमेऱ्यांचे पडदे डोळ्यांजवळ धरले. बराच वेळ पाहिले.

“नवरीच्या आईला दाखव. तिनं लग्न पाहिलेलं नाही.”

त्यांच्याकडची रीतच तशी. मंगलाष्टकं चालू असताना मुलीच्या आईने मांडवात थांबायचं नाही, तुळशीला पाणी घालत बसायचं.

नवरीची आई, सुमतीकाकू, अजून कनातीमागे तुळशीपाशीच होत्या. हातात रिकामा तांब्या. सुजयने एक कॅमेरा पुढे केला, मग दुसरा.

“काकू, यातला कोणता बरा वाटतो?”

काकूंनी पदराने हात पुसले. फोटोत नवरदेव हार घेऊन उभा होता. नवरी भलतीकडेच बघत होती.

“ही कुठं बघतीय रे?”

“कुठंच नाही हो. तिकडं नुसती कनात आहे.”

काकूंनी फोटोवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या,

“कनातीमागं मी होते.”

त्यांचा चेहरा रडवेला झाला आणि त्याच वेळी आनंदाने उजळला. सुजयने पुन्हा फोटोकडे पाहिलं. इतका वेळ त्याने तो फोटो किती वेळा मोठा करून पाहिला होता! पापण्या पाहिल्या, मुंडावळ्यांचे मोती पाहिले...

तो परत आला तेव्हा नानांचं पान रंगलं होतं.

“कोणता निवडला तिनं?”

“विचारलं मी. पण त्यांनी कॅमेऱ्याकडं पाहिलंच नाही.”

“हं.”

सुजय घुटमळला. पलीकडे पाठवणीची गडबड सुरू झाली होती. सनईवाला जुळवाजुळव करत होता. राहवेना म्हणून त्याने पुन्हा विचारलंच,

“नाना... पाठवणीला कोणता नेऊ?”

नानांनी दोन्ही कॅमेरे उचलले आणि पट्टे स्वतःच्याच गळ्यात अडकवले.

“पाठवणी मी काढतो. तू कनातीमागं जा. तुळशीपाशी उभा राहून बघ.”

संपलं, सुजयला वाटलं. कामं गेली आपली.

“पण नाना, तिथून मांडव दिसत नाही.”

नाना गुडघ्यावर हात टेकून उठले.

“नवरीच्या आईला तरी कुठं दिसत होता...”